शेवाळानं खाल्लेल्या तीन ओळी

कागदावर जे नाही ते लिहायचं नाही, हा नेम गिरीशराव देवपुजारींनी छत्तीस वर्षं पाळला. नागपूरला भूमी अभिलेख खात्यात ते मोजणीदार म्हणून लागले, आणि निवृत्त होईपर्यंत अशी ख्याती झाली, की इंग्रजांच्या वेळची मोजणीची पानं कुणाला वाचून लागेनाशी झाली की ती देवपुजारींच्या टेबलावर यायची. कसरीनं कुरतडलेलं, शाई उडालेलं, कसंही असो. ते भिंग घेऊन बसायचे आणि असेल तेवढंच सांगायचे. दोन भाऊ शेताच्या धुऱ्यावरून डोकी फोडायला निघालेले असायचे, पण 'इथे अक्षर नाही' असं गिरीशरावांनी म्हटलं की तिथे अक्षर नसे.

आणि संध्याकाळी हाच माणूस राममंदिरात कीर्तनाच्या साथीला पेटीवर बसायचा. तिथला कायदा वेगळा. बुवा आख्यानात रंगले की संताच्या बायकोच्या तोंडी असे काही शब्द घालायचे, की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. ते शब्द कुठल्याही पोथीत नाहीत हे पेटीवाल्याला पक्कं ठाऊक. तरी त्याचेही डोळे भरायचेच. देवाच्या दारी भाव खरा असला की झालं. दिवसाचा नेम एक, संध्याकाळचा दुसरा, आणि दोघे कधी एकमेकांच्या वाटेला गेले नाहीत. गेले ते थेट अमेरिकेत, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्न गावी.

पत्नी इलाताई गेल्यावर लेकीनं, रुचानं, त्यांना आपल्याकडे आणलं. रुचा तिथल्याच एका डेटा सेंटरमध्ये कामाला. गावात अशा बिनखिडक्यांच्या इमारती इतक्या, की गिरीशरावांना वाटायचं, देवाकडून या गावाला खिडक्या द्यायच्या राहूनच गेल्या. सकाळी आठला घर रिकामं व्हायचं. पूजा, स्तोत्र, एक फेरी, आणि मग पुढे दिवस पसरलेला. बाप भिंतीशी बोलायला लागेल या धास्तीनं रुचानं त्यांना एक काम शोधून दिलं. दीड तासावरच्या एका लहानशा कॉलेजात एकोणिसाव्या शतकातल्या निसर्गशास्त्रज्ञांची पत्रं होती. त्यांनी एकमेकांना लिहिलेली, बायकामुलांना लिहिलेली, बायकांनी त्यांना लिहिलेली. पानांचे फोटो इंटरनेटवर टाकलेले. घरी बसून वाचायची आणि शेजारच्या चौकटीत टाइप करायची. नियम एकच होता. जे वाचता येत नाही, तिथे कंसात तसं नमूद करायचं.

"हे तर आमचंच खातं," गिरीशराव म्हणाले.

पहिल्या चार महिन्यांत त्यांनी कुणालाच न लागलेली पावणेतीनशे पानं लावली. टपालखर्च वाचावा म्हणून ते लोक पान भरलं की तोच कागद आडवा फिरवायचे आणि लिहिलेल्यावरच काटकोनात दुसरं पान लिहायचे. बघणाऱ्याला वाटावं चटईच विणली आहे. गिरीशराव पानाचा फोटो फिरवायचे, डोळे बारीक करायचे, आणि एकेक धागा सुटा करायचे. त्या संग्रहाची व्यवस्थापक होती नीना. अमेरिकेतल्याच एडिसनला वाढलेली, आईबाप दादरचे. तिचं मराठी पाहुण्यांपुढे ठेवायच्या कपबशीसारखं, जपून काढलेलं. ती फोनवर म्हणायची, "काका, यू आर आमचे सुपरस्टार." दुसरा कुणी तपासनीस त्यांच्या पानावर आला की वाचायचे कष्टही न घेता पुढे जायचा. देवपुजारींचं आहे ना, मग बरोबरच असणार.

या पत्रांत त्यांना जोसाया पेल्टन भेटला. शेवाळांचा अभ्यासक. अठराशे अठ्ठावन साली तो पश्चिमेच्या डोंगरांत सरकारी मोजणीच्या तुकडीबरोबर हिंडत होता, आणि इकडे व्हर्जिनियात त्याची सहा वर्षांची लूसी तापानं गेली. बातमी पोचायला पाच आठवडे लागले. एडिनबरोच्या एका विद्वान स्नेह्याला त्यानं त्या दिवसांत लिहिलेलं पत्र गिरीशरावांनीच लावलं होतं. दोन पानं भरून एका शेवाळाचं वर्णन, देठ किती, बोंडं कशी, आणि अगदी खाली समासात एक ओळ, 'माझी लूसी गेली, याला तिचं नाव दिलं तर शास्त्राला चालेल का?' ते वाचून गिरीशरावांनी लॅपटॉप मिटला आणि दुपारभर उघडला नाही.

बायकोला, अ‍ॅबिगेलला, मात्र त्यानं सरळ विचारलं होतं. मी तिथे नव्हतो, मला क्षमा करशील का? आणि तिचं उत्तरही संग्रहात होतं. वरची अर्धी बाजू घरच्या हकीकतीची. मग, 'तुम्ही जे विचारलंत त्याबद्दल.' आणि पुढे तीन ओळी नाहीत. तिथे हिरवट काळा डाग. शेवाळवाल्याला डोंगरात कागद कुठला मिळायचा, हाताला लागेल त्यात तो ओली शेवाळं गुंडाळायचा. बायकोचं हे पत्रही त्यानं तसंच वापरलं होतं. ओलीनं तीन ओळी खाल्ल्या. कुठे एका अक्षराचा वरचा बाक, कुठे एक शेपटी, बस्स. त्याखाली पुन्हा स्वच्छ, 'शेवाळांची खोकी पोचली, सगळं कोरडं आहे. तुमची, अ‍ॅबिगेल.'

गिरीशरावांनी त्या डागासमोर तीन दिवस काढले. भिंग झालं, फोटोचे रंग उलटे करून झाले. चौथ्या दिवशी, एकादशीचा उपास, घरात कुणी नाही, त्यांनी चौकटीत तीन ओळी टाइप केल्या. 'तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही घरी या. तोवर मी रडणं राखून ठेवलं आहे.' कंस घातला नाही.

का घातला नाही? त्यांनी स्वतःला हेही सांगितलं, की तो बाक त्या अक्षराला जुळतो, ती शेपटी या अक्षराला जुळते. पण खरं कारण ते जाणून होते. दीडशे वर्षांहून जास्त काळ तो माणूस प्रश्न विचारून उभा होता, त्याला तसंच उभं ठेवून कंस लावायला हात वळेना. आणि ते शब्द त्यांना शोधावे लागले नव्हते. ते आयते होते.

सात महिन्यांनी नीनाचा फोन आला. आवाज आनंदानं फुललेला. म्हणाली, काका, ती रडण्याची ओळ, लोकांना इतकी आवडली की कॉलेजनं पत्रांचं जे छोटं प्रदर्शन मांडलं त्यात ती भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावली. आणि तिथे पेल्टनच्या वंशातली एक बाई येऊन गेली. मार्था तिचं नाव, वय ब्याऐंशी. जोसाया आणि अ‍ॅबिगेल तिच्या पणजोबांचे आईवडील. त्या घरात पिढ्यान् पिढ्या एकच गोष्ट सांगितली जायची, की अ‍ॅबिगेलनं नवऱ्याला मरेपर्यंत क्षमा केली नाही, आणि पेल्टनांच्या बायका अशाच दगडाच्या. मार्था त्या ओळीपुढे अर्धा तास उभी होती. आता ती दोघांच्या कबरीवर नवा दगड बसवतेय, जुना झिजला म्हणून, आणि त्यावर ती ओळ कोरून घेणार आहे. कारागीर सोमवारी काम सुरू करणार.

"आणि काका, दॅट्स नॉट ऑल," नीना म्हणाली. मार्थाचा नवरा हॉस्पिटलात वारला तेव्हा ती खाली कॉफी प्यायला गेली होती. लेक हेलन तेव्हापासून आईशी बोलत नव्हती, चार वर्षं. मार्थानं ती ओळ लेकीला लिहून पाठवली, आणि लेकीचा फोन आला. "तुम्ही वाचलंत म्हणून झालं हे. तुम्हाला भेटायचंय मार्थाला."

गिरीशराव "हो हो" म्हणाले आणि फोन ठेवून खुर्चीत बसले ते रुचा येईपर्यंत उठले नाहीत. सोमवार चार दिवसांवर होता.

शनिवारी कीर्तन होतं. महिन्यातून एकदा एका शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन मंडळी जमायची. कीर्तन करणाऱ्या प्रतिमाताई एरवी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची नोकरी करायच्या. पेटी लावताना गिरीशरावांनी त्यांना आडून विचारलं, की आख्यानात आपण जी भर घालतो, ती खोटी म्हणायची का हो?

प्रतिमाताईंनी चिपळ्या खाली ठेवल्या. त्यांना आडवळण जमत नसे. म्हणाल्या, "नाही, काका. कारण मी भर घालतेय हे समोरच्यांना ठाऊक असतं आणि मलाही ठाऊक असतं. दोघं मिळून घालतो आपण ती. समोरच्याला ठाऊकच नसेल, तर ते कीर्तन नाही."

"मग काय?"

"मग ऑफिसातला रिपोर्ट. आणि तो चुकीचा असला तर मला नोकरीवरून काढतील." त्या हसल्या, पण यांचा चेहरा बघून थांबल्या. पुढे काही विचारलं नाही. त्या दिवशी पेटीचे सूर दोनदा चुकले, आणि गिरीशरावांचे सूर चुकत नसत.

घरी जाताना गाडीतच त्यांनी नीनाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. रुचा गाडी चालवत होती, तिच्याही कानावर तेव्हाच पडलं. नीनाचं मराठी संपलं. इंग्रजीतून, आवाज न चढवता, तिनं एवढंच म्हटलं, की आता तुमची सगळीच्या सगळी पानं मला पुन्हा तपासावी लागतील. गिरीशरावांना कुणी थोबाडीत मारली असती तर इतकं लागलं नसतं. ती म्हणाली, ओळ काढते, आणि मार्थाला ईमेल मी करीन, ते माझं काम.

"नको. मी जाऊन सांगतो."

"काका, शी इज एटी-टू."

"मी एकाहत्तर आहे. जमेल आम्हाला."

रविवारी रुचानं गाडी काढली. देवासमोर दिवा लावून, कपाळाला गंध लावून गिरीशराव निघाले, जणू साक्षीला चाललेत. वाटेत रुचानं एकदाच विचारलं, "बाबा, ती ओळ तुम्हाला सुचली कशी?" ते बाहेर बघत राहिले. सफरचंदांच्या बागा मागे पडत होत्या. म्हणाले, सुचली नाही. रुचानं ते ताणलं नाही. त्या घरात काही गोष्टींना ताणायचं नाही हे ती आईकडून शिकली होती.

मार्थाचं घर डोंगराच्या पायथ्याशी, पांढरं, ओसरीवर दोन झुलत्या खुर्च्या. बाई उंच, काठी हातात पण टेकायला कमी आणि दाखवायला जास्त. तिनं केक केला होता. टेबलावर त्या पत्राचा फोटो चौकटीत लावून ठेवलेला, आणि शेजारी दगडाचं रेखाटन, त्यावर ती ओळ. केक पुढे आला तसा त्यांनी हात जोडले.

"बाई, आधी ऐकून घ्या. मग वाटलं तर द्या."

त्यांचं इंग्रजी कचेरीतलं, ताठ, पण त्या दिवशी तेच उपयोगी पडलं. त्यांनी सांगितलं, की त्या जागी एकही अक्षर वाचता येत नाही. ती ओळ अ‍ॅबिगेलची नाही, मी लिहिली. नियम मला माहीत होता. छत्तीस वर्षं तो नियम मी दुसऱ्यांना शिकवला.

मार्था काठीच्या मुठीवर हात ठेवून ऐकत होती. चेहऱ्यावरचं काही हललं नाही. पेल्टनांच्या बायका दगडाच्या म्हणतात, ते रुचाला त्या क्षणी खरं वाटलं.

"म्हणजे तिनं क्षमा केली नाही," मार्था अखेर म्हणाली.

"ते मला माहीत नाही. केली असेल, नसेल. तिथे अक्षर नाही."

"आमच्याकडे तर म्हणायचे, बघा, बायकोच्या पत्रात चिखल गुंडाळला त्यानं, इतकीच त्या पत्राची किंमत." तिनं फोटोची चौकट हातात घेतली आणि लांब धरून पाहिली. "तुम्ही कुठून आणलंत हे? रडणं राखून ठेवलंय. असं कुणी कल्पनेनं लिहीत नाही. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलंय, मला कल्पनेनं लिहिलेलं कळतं."

गिरीशरावांनी रुचाकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

"माझ्या बायकोचं आहे. तिनं मला लिहिलं होतं."

आपल्याआधी एक भाऊ होता, अकरा दिवसांचा, एवढं रुचाला माहीत होतं. आईनं त्याचं नाव घेतलं नाही, बाबांनी तर विषयच काढला नाही. फोटो नव्हता, काही नव्हतं.

गिरीशरावांनी सांगितलं. त्र्याऐंशी साल. ते सिरोंचाच्या बाजूला मोजणीच्या कॅम्पवर होते, आणि पत्र हिंडत हिंडत त्यांच्यापर्यंत पोचलं तोवर बारा दिवस झाले होते. निळं आंतरदेशीय पत्र. त्यात बाळ गेल्याचं एका ओळीत, आणि मग ते. 'तुम्ही या. तोवर मी रडणं राखून ठेवलं आहे.' पुढे काही नाही, फक्त नाव, इला.

मार्थानं चौकट पालथी ठेवली. मग दगडाचं रेखाटन उचललं, त्याची नीट घडी घातली आणि काठीच्या टोकानं पायाशी असलेली कागदांची टोपली जवळ ओढली.

"नावं आणि सनावळ्या पुरेत," ती म्हणाली. "तुमच्या बायकोचं वाक्य माझ्या खापरपणजीच्या डोक्यावर कशाला? तिचं ती जे काही बोलली असेल ते बोलली असेल." मग तिनं विचारलं, "आणि तुम्ही गेलात का?"

"गेलो."

"मग? काय झालं?"

गिरीशराव बोलेनात. ओसरीवरून वारा आत येत होता, त्यानं टेबलावरचे कागदी रुमाल उडाले आणि रुचानं ते धरून ठेवले, हाताला काहीतरी काम हवं होतं म्हणून.

मार्था उठली. भिंतीवरच्या जुन्या फोनपर्यंत गेली, नंबर फिरवला, आणि पलीकडे कुणीतरी उचलल्यावर तिनं कसलाही फाफटपसारा न करता सांगितलं, "हेलन, ती ओळ खोटी निघाली. अ‍ॅबिगेलची नाहीच. नाही, ठेवू नकोस. ज्यानं लिहिली तो माणूस माझ्या स्वयंपाकघरात बसलाय, आणि ती ज्या बाईची आहे ती त्याची बायको होती. तो घरी गेल्यावर काय झालं ते सांगायचं राहिलंय. मला एकटीला ऐकायचं नाही ते. तू ऐकशील?"

पलीकडून काय उत्तर आलं ते या दोघांना ऐकू आलं नाही. मार्था बराच वेळ फोन कानाला धरून उभी राहिली, पाठमोरी. मग वळली, फोनची लांब वायर ओढत टेबलापाशी आली, आणि तो मधोमध, केकच्या ताटलीशेजारी, गिरीशरावांच्या समोर तोंड करून ठेवला.

"मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "ती आहे."

आयुष्यभर हा माणूस दुसऱ्याच्या आख्यानाला सूर धरत आला होता. पुढे येऊन उभं राहायची पाळी कधी आली नव्हती, आणि आता आली तर हातात ना पेटी, ना भाषा. त्यांनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. समोर दोन बायका, फोनात तिसरी, आणि या खेपेला भर घालायला जागा नव्हती, तसं मनातही नव्हतं.

"पत्र मिळाल्यापासून पाचव्या दिवशी मी पोचलो," ते म्हणाले. "शेजारच्या बायका दारातच भेटल्या. म्हणाल्या, हिला रडवा आधी, सतरा दिवस झाले, डोळ्याला पाणी नाही, वेडी होईल. मी आत गेलो. ती चुलीपाशी होती. मी रस्ताभर ठरवलं होतं काय बोलायचं. पण ती वळली, तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडून निघालं, एस.टी. उशिरा सुटली."

ते थांबले. फोनातून कुणाच्या तरी श्वासाचा आवाज येत होता.

"पाच दिवस उशीर, आणि मी म्हणतो एस.टी. उशिरा सुटली. ती हसली हो. खरंच हसली. तोंडावर हात घेऊन हसली. आणि हसता हसताच..."

त्यांना पुढे जाता येईना. रुचानं खुर्ची सरकवली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मग, बाबा?" तिनं विचारलं.

"मग मला भात वाढून ठेवला होता, तो गार झाला," गिरीशराव म्हणाले. "तिसऱ्या प्रहरी मी पोचलो होतो. दिवेलागणीपर्यंत आम्ही तिथेच जमिनीवर बसलेलो. तुझ्या भावाचं नाव माधव ठेवायचं तिनं ठरवलं होतं. ते तिनं मला तेव्हा सांगितलं."

पहिल्या शब्दापासून हे सगळं ते मराठीतूनच बोलले, त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मग फोनातून एका मध्यमवयीन बाईचा आवाज आला, जरा बसलेला.

"मॉम? काय म्हणाले ते?"

मार्थानं रुचाकडे पाहिलं. रुचानं डोळे पुसले, खुर्ची फोनच्या जवळ ओढली, आणि बापाचे शब्द एकेक करून, जेवढे होते तेवढेच, इंग्रजीत सांगायला लागली.